बिनआरशाचा

तिसरी लेन्स त्याने उशीवर टेकवली, तेव्हा बायको इस्त्रीचे कपडे हातात घेऊन पलंगाशी येऊन उभी राहिली. पलंगाच्या तिच्या बाजूला दोन कॅमेरे पहुडले होते, त्याच्या बाजूला बॅटऱ्या.

"हे कुठे ठेवू?"

"खुर्चीवर."

"खुर्चीवर ट्रायपॉड बसलाय."

त्याने खुर्चीकडे पाहिलं, हा प्रश्न खुर्चीचा आहे असं ठरवलं आणि पुन्हा लेन्सचं झाकण पुसायला लागला.

"एक फोटो काढायचाय," ती म्हणाली. "आईंचा ऐंशीवा वाढदिवस आहे. स्वारीवर निघाल्यासारखं काय चाललंय?"

दुपारी आईकडे त्याचा थोरला भाऊ येणार होता. थोरलाही फोटोग्राफर होता. तेव्हा ही स्वारीच होती.

धाकटा गेली सात वर्षं मिररलेसवाला होता. जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात एक आरसा असतो. बटण दाबलं की तो खटकन वर उडतो आणि मग फोटो निघतो. नव्यात तो आरसाच नाही. डोळ्याला लावला की फोटो जसा येणार तसा आधीच दिसतो. ही माहिती तो लोकांना त्यांनी विचारण्याआधी देत असे. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी एकदा लिफ्टमध्ये सहज विचारलं होतं, चांगला कॅमेरा कोणता. तेव्हापासून दंतवैद्य जिन्याने ये-जा करत होते.

लेन्सची निवडही त्याची स्वतःची, विचारपूर्वक केलेली होती. पस्तीस मिलिमीटरची खोलीसाठी: सगळे मावतात आणि कडेला उभ्या माणसाचं डोकं भोपळ्यासारखं फुगत नाही. पंच्याऐंशीची आईच्या एकटीच्या चेहऱ्यासाठी. पन्नासची कशासाठी, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल तो सगळ्यात जास्त बोलायचा. झूम लेन्स त्याने कधीच काढून टाकल्या होत्या. झूम म्हणजे पायांचा आळस, असं त्याचं मत होतं. लग्नाकार्यात त्याच्या पायांखाली आलेल्यांचं मत वेगळं होतं.

"आणि आईंनी तुझा फोटो नाही लावला तर?" बायकोने विचारलं.

"लावेल."

"सहा वर्षांत एकदा तरी लावलाय?"

आईच्या खोलीत सोफ्याच्या वर एकच खिळा होता. दर वाढदिवसाला त्यावर घरच्या माणसांचा नवा फोटो चढायचा आणि दर वेळी तो थोरल्याने काढलेला असायचा. धाकट्याने फ्रेम करून दिलेले फोटो आई कपाटात ठेवायची. नीट ठेवायची, कापडात गुंडाळून. गेल्या आठवड्यात फोनवर तिने सांगून टाकलं होतं की या खेपेला जो लागेल तो शेवटचा; पुन्हा कुणाला स्टुलावर चढवायला तिच्यात जीव नाही. फोन ठेवल्यापासून धाकटा लेन्स पुसत होता.

त्याने नवा कॅमेरा उचलून बॅगेत ठेवला. बायको त्या कॅमेऱ्याकडे जरा वाकडंच पाहायची. चार महिन्यांपूर्वी तो घरात आला, तेव्हा तिला आणि मुलाला खिडकीशी बसवून त्याने दोघांचे चेहरे त्यात नोंदवले होते. हे तो प्रत्येक नव्या कॅमेऱ्याला नव्याने करायचा, कारण जुन्यातले चेहरे नव्यात जात नाहीत. नोंदवलेल्या चेहऱ्यांना नंबर असतात. गर्दीत ज्याचा नंबर वरचा, त्याच्यावर कॅमेरा आपणहून जातो. तिने मागच्या पडद्यावर डोकावून पाहिलं, तर ती दोन नंबरला होती आणि मुलगा तीन. पहिल्या नंबरावर नवऱ्याचा अंगठा होता.

"पहिली कोण?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"ते कंपनीकडूनच भरून येतं."

ती शाळेत गणित शिकवायची. वही घरी राहिली म्हणून सांगणारी तोंडं तिने उभ्या आयुष्यात भरपूर पाहिली होती. लग्नाच्या कामात याच्याबरोबर असणाऱ्या मेकअपवालीवर तिचा संशय बसला. पुरावा नव्हता. फक्त ती बाई बऱ्याच फोटोंत काही कारण नसताना असायची.

चेहरे नोंदवण्याच्या आदल्याच दिवशी ती शाळेतून आली, तर माळ्यावरची एक जुनी फ्रेम जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून उभी होती, आणि नवा कॅमेरा तिच्याकडे टक लावून बसला होता. फोटो जुन्या स्टुडिओच्या पायऱ्यांवरचा, दोघा भावांचा. थोरल्याचा चष्मा कपाळावर चढवलेला.

"हे काय?"

"लेन्सची धार बघतोय."

तिने विश्वास ठेवला. त्याआधी त्याने ती धार विटांच्या भिंतीवर, वर्तमानपत्रावर आणि एकदा तिच्या आईवर बघितली होती.

"चल," आता तो म्हणाला आणि बॅग खांद्याला लावली. मग तिच्या हातातल्या कपड्यांकडे पाहून म्हणाला, "पलंग रिकामा आहे की."

*

थोरला आधीच येऊन बसला होता. त्याचा कॅमेरा टेबलावर केकच्या शेजारी होता आणि केकपेक्षा उंच होता.

आई या दोघांच्या मोठ्या बहिणीकडे राहायची. तिला दोघेही ताई म्हणत, आणि सहा वर्षं दोघे एकमेकांशी जे काही बोलले ते ताईमार्फत. त्याआधी दोघांचा मिळून एक स्टुडिओ होता. थोरला पित्ताशयातले खडे काढायला दवाखान्यात पडला असताना धाकट्याने सामायिक कपाटातले आरशाचे कॅमेरे आणि झाडून सगळ्या लेन्स विकल्या आणि घरी वर्षभर वापरून पाहिलेल्या मिररलेससारखंच नवं सामान स्टुडिओत आणलं. दादाला सुखद धक्का द्यावा, असं त्याच्या मनात होतं. धक्का बसला. थोरल्याने टाके ओले असतानाच स्टुडिओच्या मधोमध प्लायवूड ठोकून घेतलं. दार थोरल्याच्या वाट्याला आलं, खिडकी धाकट्याच्या. खिडकीतून गिऱ्हाईक येत नाही, हे धाकट्याच्या लवकरच लक्षात आलं.

"ताई," थोरला सोफ्यावरून म्हणाला, "बिनआरशाचे आले वाटतं. त्यांना म्हणावं, चार्जिंगची सोय फ्रिजमागे आहे."

"ताई, दादाला सांग, आवाज झाला म्हणजे फोटो निघाला असं नसतं. दार आपटल्यावरही आवाज होतो."

"त्याला विचार, फोटो काढायच्या आधीच फोटो दिसतो, तर मग काढतो कशाला?"

"त्याला सांग, स्वयंपाक झाला की लोक जेवतात. नुसता वास घेऊन घरी जात नाहीत."

"मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?" ताई सुरी शोधत म्हणाली. "हाताच्या अंतरावर आहात. बोला की तोंडाने."

दोघेही गप्प झाले. तोंडाने बोलण्याची वेळ आली की ते नेहमीच गप्प होत.

केक कापून झाला. आईने एक तुकडा खाल्ला, हात पुसले आणि सोफ्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. ती लहानखुरी होती आणि आवाज मात्र मोठ्या मापाचा होता.

"आता नीट ऐका. मला फोटोवाला नकोय, पोरं हवीत. दोघंही फोटोत पाहिजेत. कुणाच्या डब्यातून काढायचा ते मला काही कळत नाही, पण मी मधे बसलेय, तर मी दिसले पाहिजे, आणि प्रत्येकाला नाक-डोळे पाहिजेत. ज्याचा जमेल त्याचा लावीन. मग तो खिळा मी मेल्यावरच रिकामा होईल."

"शुभ बोल गं," ताई म्हणाली.

"वाढदिवसाला खरं बोलावं."

मंडळी मांडली गेली. आई पुढे, तिच्या खुर्चीमागे धाकट्याची बायको, मग ताई, तिचा नवरा, थोरल्याची बायको, ताईचा ताडमाड मुलगा आणि बाकीची पोरं. पहिली पाळी थोरल्याची, कारण तो थोरला होता. त्याने आपल्या कॅमेऱ्याचं धूड ट्रायपॉडवर चढवलं, आईच्या भुवईवर नजर रोवून हाताने फोकस लावला, टायमर दाबला आणि पळत सुटला. त्याचा गुडघा दुखरा होता. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत होता आणि थोरला टेबलाला वळसा घालत होता. मागच्या रांगेत पोचून तो वळला, न वळला, तोच खटाक् असा आवाज झाला.

फोटोत सगळे स्वच्छ होते. थोरल्याच्या जागी एक धुरकट पट्टा होता आणि त्या पट्ट्यात एक उघडं तोंड होतं.

"हा कोण?" आईने विचारलं.

"मी."

"बस चुकल्यासारखा दिसतोयस. चालणार नाही."

धाकटा हसला नाही. हसू गालात धरून ठेवायला त्याला किती कष्ट पडत होते, ते त्याच्या बायकोला खुर्चीमागून दिसलं. त्याने ट्रायपॉड उभा केला, पस्तीसची लेन्स लावली, आणि खिशातून फोन काढून आईच्या मांडीवर ठेवला.

"आई, यात आपण सगळे दिसतोय बघ. एक पिवळा चौकोन येईल. ज्याच्यावर येईल त्याचा चेहरा कॅमेऱ्याने धरला. तुझ्यावरच येणार, तू सगळ्यात पुढे आहेस. आला की हे गोल बटण दाब. तूच दाबायचंस. कुणी पळायचं नाही, कुणी धापा टाकायच्या नाहीत."

शेवटचं वाक्य त्याने ताईकडे बघून म्हटलं, पण ते थांबलं थोरल्यापाशी.

तो ऐटीत चालत रांगेच्या अलीकडच्या टोकाला, कॅमेऱ्याच्या जवळ जाऊन उभा राहिला. सगळ्यांनी चेहरे ताठ केले. आईने चष्मा सारखा केला.

"आला चौकोन."

"दाब मग."

"माझ्यावर नाही आला."

"येईल. जरा थांब."

"दादावर आलाय," आई म्हणाली.

मागच्या रांगेच्या पार डाव्या टोकाला थोरल्याने मान पुढे काढली. "कुणावर?"

"तुझ्यावर. डोळ्यावर येऊन बसलाय. लुकलुकतोय मेला."

धाकट्याचा चेहरा ताठ होता तो आणखी ताठ झाला. "आई, जरा हाल. मान वर कर."

आईने मान वर केली, खाली केली, फोनकडे पाहिलं. "दादावरच आहे."

"दादा, तू या बाजूला ये बघू," ताई म्हणाली. थोरला लंगडत रांगेच्या मधे आला. चौकोन त्याच्याबरोबर आला.

"हा तर पाठच सोडत नाही," आई म्हणाली.

थोरल्याला आता मजा यायला लागली होती. कित्येक वर्षांत त्याला इतकी मजा आली नव्हती. तो गुडघा धरून ताडमाड भाच्याच्या पाठीमागे खाली बसला. "आता?"

"आता सूनबाईवर आला."

धाकट्याची बायको आईच्या खांद्यावरून फोनमध्येच पाहत होती. चौकोन तिच्या चेहऱ्यावर होता. खुर्चीच्या पाठीवर टेकलेलं तिचं एक बोट हललं, मग दुसरं. दोन.

थोरला भाच्यामागून उभा राहिला. चौकोन तिला सोडून टुणकन त्याच्याकडे गेला.

तिचं दुसरं बोट मिटलं.

तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो कॅमेऱ्याकडे पाहत होता, एखाद्या माणसाने भर सभेत आपल्याच कुत्र्याकडे पाहावं तसा.

"वा!" थोरला म्हणाला. "ऐंशी वर्षांची बाई पुढ्यात बसलीय, आणि यांचा कॅमेरा मागच्या रांगेत म्हातारे हुडकतोय! ताई, त्याला विचार, याला मेंदू आहे म्हणत होता ना? कुठे ठेवलाय? आरशाबरोबर विकला का?"

पोरं हसली. ताईचा नवरा हसला. त्याने एकदा फोनवरही तसेच फोटो येतात असं म्हटलं होतं, तेव्हापासून धाकटा त्याच्याशी फक्त हवामानावर बोलायचा.

"सेटिंग आहे ते," धाकटा म्हणाला. "बदलतो."

"मग बदल की," आई म्हणाली. "मी नाही दाबणार. मला सोडून दुसऱ्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याचा फोटो मी काय म्हणून लावू?"

धाकटा कॅमेऱ्यापाशी गेला. मागचा पडदा उघडून तो एकेक पान उलटायला लागला. थोरला रांग सोडून आला आणि चष्मा कपाळावर चढवून त्याच्या खांद्यामागे उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या श्वासाने धाकट्याची कॉलर हलत होती.

"दाखव, दाखव. काय बिघडलंय ते आम्हालाही कळू दे. सगळ्यांना दाखव."

खोलीतले सगळे बघत होते. धाकट्याचं बोट पडद्यावर चाललं आणि एका पानापाशी थांबलं. ते पान उघडलं की काम झालं होतं: एक खूण काढायची, चौकोन आईवर, आईचं बोट बटणावर, फोटो खिळ्यावर.

बायकोने पाहिलं, तर त्याचा अंगठा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर गेला आणि तिथे घट्ट बसला.

"ताई, काय झाकतोय विचार त्याला," थोरला म्हणाला.

धाकट्याने कॅमेऱ्याचं बटण फिरवलं. पडदा काळा झाला.

"बिघडलाय," तो म्हणाला.

"काय?" ताईने विचारलं.

"बिघडलाय. कॅमेरा बिघडलाय."

हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडताना त्या खोलीत कुणीच कधी ऐकलं नव्हतं. हसणारी पोरंही थांबली. एकटा थोरला खोलीभर नजर फिरवत राहिला, जसं काही हे कुणीतरी लिहून घ्यायला हवं होतं.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" तो म्हणाला. "चार महिन्यांचा आहे म्हणे. माझा बघा, चौदा वर्षांचा. माझ्या घरी होता म्हणून विकायचा राहिला."

थोरल्याने पुन्हा आपलं धूड मांडलं, पुन्हा भुवईवर फोकस लावला. तो खाली वाकलेला असताना धाकट्याने रांगेच्या अलीकडच्या टोकाची आपली जागा सोडली आणि सगळ्यांच्या मागून पार पलीकडे जाऊन उभा राहिला. थोरल्याने टायमर दाबला, वळला, समोरच रिकामी जागा दिसली तिथे दोन ढांगांत येऊन ताठ उभा राहिला. लाल दिवा त्यानंतरही बराच वेळ लुकलुकत होता. मग खटाक्.

सगळ्यांना नाक-डोळे होते.

"हाच लाव," आई म्हणाली.

*

निघताना धाकटा दारात वाकून चपला घालत होता. बॅग बायकोच्या खांद्यावर होती. ती तिने कधी घेतली ते त्याला कळलं नव्हतं. थोरला केकची बशी हातात घेऊन उंबऱ्याच्या आत उभा होता. जिंकलेल्या माणसाला निघून जाणाऱ्याकडे बघायचं असतं, तसा तो बघत होता.

"वॉरंटीत असेल अजून," तो म्हणाला. "दाखवून घे."

ताई आतून येत होती, ती जिथल्या तिथे थांबली. हे तिला सांगितलेलं नव्हतं. पोचवायला तिच्या हातात काहीच दिलेलं नव्हतं.

धाकट्याने चपलेचा बंद लावला. मग लागलेला बंद पुन्हा सोडून पुन्हा लावला.

"बघतो," तो म्हणाला.

"नाहीतर अंगावर पडेल." थोरल्याने बशीतला तुकडा तोंडात टाकला. "फसवतात हे लोक. आरसा काढून घेतात आणि वर हुशारी सांगतात." आणि तो आत गेला.

गाडीत बायकोने बॅग मागच्या सीटवर न ठेवता मांडीवर घेतली. चेन अर्धी उघडी होती आणि आत कॅमेऱ्याचा काळा पडदा दिसत होता. एक बटण दाबलं असतं तर चार महिन्यांचा हिशेब तिथल्या तिथे लागला असता. मेकअपवालीची तिला किंचित दया आली.

"दे इकडे, जड होईल," तो म्हणाला.

"राहू दे."

त्याने किल्ली लावली. गाडी सुरू केली नाही.

"दुकानात दाखवायला हवा," तो समोर बघत म्हणाला.

"हो का?"

"म्हणजे, बिघडलाय तर दाखवायला नको?"

तिने चेन शेवटपर्यंत ओढून बंद केली आणि बॅगेवर दोन्ही हात ठेवले.

"काही नको दाखवायला. मला दोन नंबर चालतो."

त्याने गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि रस्त्यावर समोर चिटपाखरू नसताना हॉर्न वाजवला.